शेगावच्या पाटीवरचा समुद्र

शेगाव स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेली माणसं त्या पाटीखाली फोटो काढतात. उंची सहसा कुणी वाचत नाही. माझे मामा वाचतात. संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात त्यांची कोरडवाहू शेती आहे. मी अलिबागेत भूगोल शिकवते. ध्रुवांवरचा बर्फ वितळतो आणि समुद्र चढतो, हा माझा शिकवण्याचा विषय. मामांच्या मते तो पगारी माणसांच्या फावल्या वेळचा विषय. दिवाळीत त्यांच्या ओसरीवर आमची जुंपली, ती इथे देते आहे. त्यांची वऱ्हाडी मी सुधारलेली नाही. सुधारली असती तर त्यांचे निम्मे मुद्दे लंगडे झाले असते.

मामा : पाटीवरचा आकडा पाह्यला न? समुद्राच्या किती वर हावोत आपन?

मी : शेगाव-संग्रामपूरचा सपाट मुलूख पावणेतीनशे-तीनशे मीटर. बुलढाणा शहर घाटावर, साडेसहाशेच्या आसपास.

मामा : अन् जगातलं सगयं बर्फ पघयलं त तुहा समुद्र किती चढते?

मी : ग्रीनलंडचा सगळा बर्फ गेला तर सुमारे ७ मीटर. अंटार्क्टिकाचा गेला तर आणखी ५८. बाकीच्या हिमनद्या फार नाहीत. म्हणजे पासष्टच्या घरात. आणि त्याला हजारो वर्षं लागतील.

मामा : मंग झालं न! दोनशे मीटर शिल्लक हाये. काहून रडतं तू?

हसू आलं, पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांपैकी फक्त ७ जिल्ह्यांना समुद्र लागतो. उरलेल्यांसाठी समुद्र म्हणजे टीव्हीवरची मुंबईची भरती. त्यांना ‘किनारे बुडतील’ म्हणून घाबरवणं हा वक्तृत्व स्पर्धेतला प्रकार झाला. मी दुसऱ्या बाजूने शिरायचं ठरवलं.

मी : मामा, हा आकडा ज्या पातळीपासून मोजतात ती पातळीच जागची हलते आहे. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवतात. अशा बंदरांवरच्या नोंदींतून सरासरी काढून देशाची समुद्रसपाटी ठरवली, ती गेल्या शतकाच्या सुरुवातीला. समुद्र तिथे थांबलेला नाही. जगाची सरासरी धरली तर १९०१ ते २०१८ मध्ये तो २० सेंटिमीटर चढला.

मामा : शंभर वर्षांत इतभर! एवढं पानी त आमच्या नाल्याले एका सरीत येते. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर अन् जयगाव जामोदात काय झालं, इसरली काय? एका रात्रीत वावरं खरडून गेली. माती गेली, उभं पीक गेलं. अन् तू इतभर पान्याची गोष्ट सांगतं!

मी : वीतभर चढला त्यापेक्षा कसा चढला ते महत्त्वाचं. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत वर्षाला १.३ मिलिमीटर. २००६ ते २०१८ मध्ये ३.७. वेग जवळपास तिप्पट झाला. आणि तुमचा तो पूर मी तुमच्याच विरुद्ध वापरणार आहे. माणसाने हवेत अडकवून ठेवलेल्या जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्राने गिळली. त्याने पाणी प्रसरण पावतं, म्हणून समुद्र चढतो. त्याच तापलेल्या अरबी समुद्रावरून वाफेने लादलेले वारे आपल्याकडे येतात. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या मोठ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलंय. त्या एका रात्रीचं खापर थेट यावर फोडता येणार नाही. पण समुद्र तीनशे मीटर खाली आहे म्हणून तो आपल्याकडे येत नाही, असंही नाही.

मामांनी सुपारी कातरली. वादात अडले की ते सुपारी कातरतात. मग विषयाला दुसरीच वाट फोडली.

मामा : समुद्र अठी येऊनच गेला हाये. नाई त पानी खारं काहून? म्हतारे माणसं सांगत, अठी पह्यले समुद्र होता.

खारपाणपट्ट्यात ही समजूत घरोघरी आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलेला आहे. बुलढाण्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांना त्याची मोठी झळ. बोअरला पाणी लागतं. पण ते पिकाला देता येत नाही, कारण चार पाण्यांत जमीन दगडासारखी होते.

मी : मीठ साचायला समुद्र लागत नाही. लोणार पाहा. उल्का पडून काळ्या पाषाणात पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. ते नुसतं उन्हाने उडतं आणि क्षार मागे राहतात. म्हणून तळं खारं. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, तेही मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी. पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर गाळ साचलाय, निचरा होत नाही, पाऊस बेताचा, ऊन रगड. भूशास्त्रज्ञ सहसा हेच कारण देतात.

मामा : म्हंजे म्हतारे खोटं बोलत?

मी : थोडं वरच्या अंगाला गेलं तर अगदीच खोटं नाही. सातपुड्यापलीकडे, धार जिल्ह्यात बाघ नावाचं गाव आहे. तिथल्या खडकांत समुद्री शिंपल्यांचे, समुद्री साळिंदरांचे जीवाश्म सापडतात. नऊ-साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात इतका आत शिरला होता. तेव्हा पृथ्वी फार उष्ण होती आणि ध्रुवांवर जवळपास बर्फ नव्हता.

मामा : बर्फ नाई, म्हनून समुद्र मोठा.

मी : तेच.

मामा : पन मले एक सांग. रसवंतीवर गिलासात बर्फ टाकते. बर्फ पघयते, पन रस काठावरून सांडत नाई. मंग समुद्र काहून सांडन?

माझे विद्यार्थी हा प्रश्न विचारत नाहीत, कारण ते धड्याच्या शेवटचे प्रश्न आधी वाचून येतात. मामांनी नेमकी जागा पकडली होती. उत्तर ध्रुवावर समुद्रात तरंगणारा बर्फ वितळला तर पातळी जवळजवळ हलत नाही, गिलासातल्या रसासारखीच. प्रश्न जमिनीवर चढून बसलेल्या बर्फाचा आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या जमिनी आहेत आणि त्यांच्यावर कुठे कुठे तीन-चार किलोमीटर जाडीचा थर आहे. तो समुद्रात उतरतो ते बाहेरून आणून ओतलेलं पाणी.

मामा : किती ओतते?

मी : ग्रीनलंड वर्षाला सरासरी २७,००० कोटी टन. अंटार्क्टिका साधारण त्याच्या निम्मा. जायकवाडी काठोकाठ भरलं तर त्यात सुमारे २९० कोटी टन पाणी मावतं. म्हणजे एकटं ग्रीनलंड दर वर्षी नव्वदहून अधिक जायकवाड्या समुद्रात रिकाम्या करतं. ३६,००० कोटी टन पडलं की जगभरचा समुद्र एक मिलिमीटर चढतो.

मामा : अन् हे तोललं कोनं? आमच्या कापसाच्या गाडीले मापात मारतात, तुह्या बर्फाचा काटा कोन लावला?

मी : २००२ साली उपग्रहांची एक जोडी सोडली. एकामागे एक, मध्ये सुमारे २२० किलोमीटर अंतर. खाली जड काही आलं की पुढच्याला आधी ओढ लागते, मागच्याला नंतर. तेवढ्याने दोघांतलं अंतर केसाच्याही अंशाने बदलतं. ते बदल मोजत गेलं की खालच्या बर्फाचं वजन वाढलं की घटलं ते कळतं. आणि मामा, त्याच काट्याने हिंदुस्थानच्या जमिनीखालचं पाणीही तोललं. पंजाब, हरियाणा, राजस्थानचा उपसा त्याने उघडा पाडला. उपसलेलं पाणी पिकातून हवेत जातं, पावसाने नदीत, नदीतून समुद्रात. १९९३ ते २०१० या वर्षांत जगाने जमिनीखालून २,१५,००० कोटी टन पाणी काढलं, असा अंदाज आहे. त्याने समुद्र सहा मिलिमीटर चढला आणि पृथ्वीचा फिरण्याचा ध्रुव सुमारे ८० सेंटिमीटर सरकला.

मामा : (अडकित्ता खाली ठेवून) बोअरनं धरतीचा आस हालला?

मी : सगळ्या जगाच्या बोअरनी. त्यात वायव्य भारताचा आणि पश्चिम अमेरिकेचा वाटा मोठा.

मामा : अन् आमचा?

मी : नगण्य. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मावतंच कमी, आणि पट्ट्यातलं खारं पाणी तर तुम्ही शेताला देतच नाही.

मामा : पाय! हे लिहून ठेव. पापात वाटा नाई, अन् शिक्षा मातर बरोबरीनं. माह्या गल्लीत डायलिसिसवर किती लोकं हायेत, जाऊन इचार. कोनी म्हनते पान्यानं, कोनी म्हनते दुखऱ्या गोयांनी, कोनी म्हनते अभ्यास चालू हाये. वान धरनाचं पानी १४० गावाइच्या योजनेतून येते तवा गोडं पितो आम्ही. नयाले नाई आलं त टँकर. आता तूच सांग, मले सन २१०० ची चिंता काहून असावं?

इथे मी गप्प बसले. पुस्तकात यावर उत्तर असतं, पण ते ऐकणाऱ्याच्या गल्लीत डायलिसिसवर कुणी नसावं लागतं. मग मी शिक्षा कशी वाटली जाते हे सांगायला घेतलं, कारण मामांना न्यायाची भाषा लवकर कळते.

मी : शिक्षेचंच बोलायचं तर ऐका. ग्रीनलंडचा बर्फ इतका अवजड आहे की भोवतालचा समुद्र तो स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ती ओढ सैल पडते आणि पाणी लांब पसरतं. ग्रीनलंडभोवती सुमारे दोन हजार किलोमीटरच्या आत समुद्र उलट खाली जातो. सरासरीहून जास्त चढतो तो दूर, विषुववृत्ताच्या बाजूला. म्हणजे आपल्या बाजूला.

मामा : ज्याच्या दारातलं बर्फ पघयलं त्याच्या दारातलं पानी उतरते, अन् मुंबईच्या दारात चढते?

मी : हो.

मामा : बाप्पा! हे त जिगावसारखंच झालं.

जिगाव म्हणजे पूर्णा नदीवरचा मोठा धरण प्रकल्प. नव्वदच्या दशकात मंजुरी मिळाली, काम अजून रेंगाळलेलं. खारपाणपट्ट्याला गोडं पाणी मिळावं म्हणून तो आखला आणि त्याच्या बुडीत क्षेत्रात याच पट्ट्यातली कित्येक गावं आली. ‘समुद्र न येताच आमची गावं बुडाली,’ असं इथे लोक बोलतात. मुंबईत बसून बुलढाण्याला ‘सुरक्षित’ म्हणणाऱ्यांना ही गोष्ट माहीत नसते. पूर्णा पुढे चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेखाली समुद्राला. घाटावरची पैनगंगा उलट दिशेने वर्धा-प्राणहिता-गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात जाते. एका जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांत. वरच्या धरणांनी गाळ अडवल्यामुळे गोदावरीचा त्रिभुज प्रदेश खचतो आहे, म्हणजे तिथे समुद्र आणखीच चढल्यासारखा. पण मामांना यात रस नव्हता, मी ते मनातच ठेवलं.

मामा : तुह्या अलिबागेत काय हाल हायेत? तठी त पानी दारातच हाये.

मी : पाणी दारात आहे म्हणून कुणी बुडालेलं नाही. तिथेही मीठच येतं. अलिबाग, पेणच्या खारेपाटात खाडीला बांध घालून पिढ्यान् पिढ्या भात पिकवला. बांधाला उघाड्या असतात. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला दारं मिटतात. गावकरी जोळ करून, म्हणजे मिळून, बांध राखत. मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडली की खारं पाणी शिरतं. ती वेळेवर बुजली नाही तर दोन-चार वर्षांत भाताच्या जागी तिवरं उगवतात. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे. मग शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात कोयता लावता येत नाही.

मामा : मंग समुद्र चढला म्हनून खांड पडली, का बांध राखला नाई म्हनून?

मी : आजवर तरी जास्त करून दुसरं. बांध सरकारच्या योजनेत गेले, माणसं कारखान्यात गेली, जोळ मोडली. पण समुद्र वीतभर चढला की तेच उधाण वीतभर उंचावरून धडकतं. जो बांध आजोबांच्या मापाने बांधला तो कमी पडतो. विहिरींचंही तसंच. किनाऱ्याला जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्राच्या पातळीवर एक मीटर गोडं पाणी उभं असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं मिळतं. वरचं हातभर कमी झालं की खालचं खारं वीस मीटर वर सरकतं.

मामा : हे आमाले नको शिकवू. नाल्याकाठी वरच्या हाताले गोडं, अन् खोल गेलं का खारं, हे अठी पोट्टेही सांगतात.

आणि खरंच, ही गोष्ट मी त्यांना शिकवण्यात अर्थ नव्हता. मीठ वरून कोसळत नाही, खालून चढतं. त्याचा आवाज होत नाही, त्याची बातमी होत नाही. खारपाणपट्टा हे पिढ्यान् पिढ्या भोगतो आहे. पनवेलचं खार जमीन संशोधन केंद्र मिठात तगणारं भात काढतं, अकोल्याचं कृषी विद्यापीठ चोपण जमिनीवर जिप्सम आणि ढैंच्याचे प्रयोग करतं. एका राज्यातली ही दोन टोकं एकमेकांशी फारशी बोलत नाहीत, याचं मला त्या ओसरीवर पहिल्यांदा वाईट वाटलं.

मामा : मंग त्या भातवाल्याले भरपाई भेटते काय?

मी : वादळ आलं तर मिळते, पूर आला तर मिळते. केंद्राच्या आपत्तीच्या यादीत बारा गोष्टी आहेत : चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट, अगदी कीड आणि थंडीची लाटसुद्धा. हळूहळू चढणारं मीठ त्यात नाही.

मामा : (एकदम सरळ बसून) हाच मुद्दा होय! २०२३ च्या पुराचा पंचनामा झाला. तलाठी आला, कृषी सहायक आला, फोटो काढले. अन् चाळीस वर्षं माह्या इहिरीत मीठ चढून राह्यलं, त्याचा पंचनामा कोन करीन? तलाठी जिभीवर ठेवून पाहीन काय?

मी : म्हणजे तुमचं आणि खारेपाटवाल्याचं दुखणं एकच की.

मामा : नाई. एका पारड्यात नको टाकू. त्याची जमीन खारली तरी मुंबईवाला फार्महाऊससाठी घेते. माह्या वावराले एक गिऱ्हाईक दाखो. अन् तुही मुंबई! समुद्र चढते म्हनता, अन् त्याच समुद्रात शंभरावर हेक्टर भर टाकून कोस्टल रोड बांधता. ज्याले खरंच भेव असते तो पुरात घर नाई बांधत.

याचा प्रतिवाद करायची मला इच्छा झाली नाही. त्या रस्त्यावरून मी स्वतः गेले आहे, छान आहे.

मी : तरी एक गोष्ट तुम्ही मानायला हवी. धूर आज पूर्ण थांबवला तरी समुद्र काही शतकं चढतच राहील. त्याला तापायला वेळ लागला, निवायलाही लागणार. पण किती, हे अजून आपल्या हातात आहे. धूर झपाट्याने कमी केला तर या शतकाच्या शेवटी २८ ते ५५ सेंटिमीटर. तो वाढतच गेला तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर. अंटार्क्टिकाचा बर्फ अंदाजापेक्षा लवकर सुटला तर त्याहूनही जास्त. अर्ध्या मीटरचा बांध बांधता येतो. एका मीटरला गाव उठवावं लागतं.

मामा : म्हंजे वेय इकत घ्याची हाये.

मी : हो, तेवढंच.

मामा : मंग त आम्ही शेततयं खोदून तेच करून राह्यलो. श्रावनातलं पानी धरून ठेवाचं, हरभऱ्याले एक पानी द्याचं. मीठ जात नाई त्यानं. एक साल निंघते, बस.

मी : आणि सरकारने काय करावं?

मामा : हर गावात पाच इहिरी निवडा. दर महिन्याले टीडीएस मीटर बुडवा, आकडा पंचायतीच्या भिंतीवर लिहा, अन् पाच सालानं तोच आकडा सातबाऱ्यावर चढवा. आज माह्या सातबाऱ्यावर बँकेचं कर्ज हाये, इहीर हाये, बांधावरचे झाडं हायेत. मीठच नाई. कागदावर आलं का मंग भरपाई मांगता येते, योजना मांगता येते. मुंबईच्या समुद्राचं मोजमाप १८७८ पासून हाये म्हनतं न तू? मंग आमच्या इहिरीचं काहून नाई?

मी : मीटर काही महाग नसतो, मामा. खारेपाटातही हेच करता येईल, उघाडीपासून किती आतपर्यंत पाणी खारलं त्याची दर उधाणाला नोंद ठेवायची. दोन्ही नोंदी एकत्र ठेवल्या तर...

मामा : एकत्र नंतर. पह्यले संग्रामपूर, मंग अलिबाग.

मी : आणि ग्रीनलंड?

मामा : त्याचा काटा लागला न? त्याचं वजन होते. आमचं होऊ दे पह्यले.